मी समजावून सांगितलेलं प्रेम

माझ्या थोरल्या बहिणीचा पाट माझ्यामुळे राहिला. ज्या वर्षी तो राहिला, त्याच वर्षी मी गोंदियात महिन्यातल्या एका रविवारी दुपारी वीस-पंचवीस माणसांना परदेशी सिनेमे दाखवत होतो. पडद्यावर दोन माणसं उघड्या अंगानं एकमेकांजवळ येतात तेव्हा मान खाली न घालता कसं पाहावं, हे त्यांना समजावून सांगत होतो. या दोन गोष्टी मी आजवर कधी एका कागदावर लिहिल्या नाहीत.

पाट म्हणजे विधवेचं किंवा नवऱ्यानं सोडलेल्या बाईचं दुसरं लग्न. आमच्या धान पिकवणाऱ्या घरांत तो पिढ्यांपासून चालत आलेला आहे. त्याला मांडव नसतो, वाजंत्री नसते. घरातली चार माणसं बसतात, बाईला नवं लुगडं आणि बांगड्या देतात, गूळ वाटतात, झालं. आमच्या घरच्या रीतीत ते लुगडं बापानं द्यायचं असतं आणि बाप नसला तर भावानं. आमचा बाप मी बारावीत असतानाच गेला होता.

बहिणीला मी बाई म्हणतो. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, तलावाच्या पाळीला लागून. सातवीनंतर बाईची शाळा सुटली, कारण माय धानाच्या रोवणीला जायची आणि घरी कुणीतरी लागायचं. पुढे तीही मायसोबत दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, रोवणीला जायला लागली. मी शाळेत जात राहिलो. पावसाळ्यात तिच्या पायांची बोटं चिखलानं खाल्लेली असायची आणि ती त्यांना एरंडीचं तेल लावत माझ्या पुस्तकातला धडा मला मोठ्यानं वाचायला सांगायची. मला वाटायचं, ती माझा अभ्यास घेते. तिला पुढचा धडा ऐकायचा असायचा, हे मला फार उशिरा कळलं. मी घरातला पहिला बी. ए., पहिला एम. ए. आज जे काही आहे ते त्या दोघींमुळे आहे, हे मी निरोपाच्या भाषणात आणि सत्काराच्या भाषणात नेहमी सांगत आलो. ते खोटं नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी तिला तिरोड्याकडे दिली. लग्नाच्या बाराव्या वर्षी नवरा काविळीनं गेला. मूल नव्हतं. तेरवी झाली आणि दोन महिन्यांत सासरच्यांनी तिला तिच्या पेटीसकट आणून सोडलं. मग ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस झाली. घरोघरून पोरं गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची.

मला तोवर गोंदियात कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली होती. एका उन्हाळ्यात मी मोठ्या शहरात दहा दिवसांच्या चित्रपट आस्वाद शिबिराला गेलो. मराठीच्या मास्तरला सिनेमाही कळला पाहिजे, एवढाच विचार होता. त्याआधी मी सिनेमे पाहिले ते दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गावात आणलेल्या व्हिडिओवर. नायक-नायिका जवळ आली की दिवा विझायचा नाही तर पडदा हलायचा, आणि धानाच्या तणसावर बसलेली माणसं शिट्ट्या मारायची. प्रेम म्हणजे त्या शिट्ट्या, असंच माझ्या मनात बसलेलं होतं. घरीही दुसरं काही दिसलेलं नव्हतं. बापानं मायच्या अंगाला हात लावलेला मी एकदाच पाहिला, तिच्या पायातला बाभळीचा काटा काढताना.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी जो सिनेमा दाखवला त्यात काहीच झाकलेलं नव्हतं. माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. मी सगळा वेळ बाहेर जायच्या दारावरच्या लाल दिव्याकडे पाहत राहिलो. सिनेमा संपल्यावर शिकवणाऱ्या सरांनी विचारलं की त्या प्रसंगात काय दिसलं. त्या शेजारच्या मुलीनं सांगितलं की त्या माणसाचे पाय गार पडले होते, म्हणून त्या बाईनं ते आपल्या पायांमध्ये घेतले.

मला ते दिसलंच नव्हतं. सगळं उघडं होतं आणि मला काही दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांनी तो तुकडा पुन्हा लावला तेव्हा मी मान वर ठेवून पाहिला. पाय पाहिले. तिनं त्याच्या कपाळावरचे केस बाजूला केले ते पाहिलं. दोन मोठी माणसं एकमेकांच्या शरीराशी इतकी मायेनं वागू शकतात, हे मला बत्तिसाव्या वर्षी, लग्नाला चार वर्षं झाल्यावर, एका परक्या देशाच्या सिनेमानं सांगितलं. खोलीवर येऊन मी रडलो. कुणाला सांगितलं नाही.

गोंदियाला परत आल्यावर मी मित्रांना जमवून मंडळ सुरू केलं. एका ग्रंथालयाचा वरचा हॉल, उसना प्रोजेक्टर, पांढरी चादर. आमचे प्रेक्षक ठरलेले होते. एक निवृत्त रेल्वे गार्ड, एक बँकेतले कारकून, दाराजवळ बसणाऱ्या दोन शिक्षिका, काही कॉलेजची मुलं. पडद्यावर तसा प्रसंग आला की गार्डसाहेब उठून पंख्याचं बटण तपासायचे. कारकून चष्मा पुसायला घ्यायचे आणि प्रसंग संपेपर्यंत तो स्वच्छ व्हायचा नाही. शिक्षिका पर्समध्ये काहीतरी शोधायच्या. माझी बायको दोनदा आली आणि मग यायची थांबली. तिचं म्हणणं, तुमच्या सिनेमात कुणी धड जेवत नाही, नुसते खिडकीबाहेर पाहतात. मी मात्र मनापासून करत होतो. जे मला इतक्या उशिरा दिसलं ते माझ्या गावच्या माणसांना लवकर दिसावं, असं मला खरंच वाटत होतं.

मंडळाच्या पाचव्या वर्षी आम्ही एका विधवा बाईचा सिनेमा दाखवला. समुद्राकाठचं लहान गाव, पंचेचाळिशीची बाई, कपडे धुण्याच्या दुकानात काम करणारी. तिथं पाण्याचा बंब दुरुस्त करायला येणारा एक माणूस. पहिला तासभर काहीच घडत नाही. मग एका दुपारी ती त्याला घरी घेऊन जाते. तो प्रसंग बराच लांब आहे आणि त्याला संगीत नाही. तिचं सुटलेलं पोट दिसतं, त्याची वाळलेली छाती दिसते. मध्येच त्याच्या पायात गोळा येतो आणि दोघं हसू लागतात. कॅमेरा कुठेही तोंड फिरवत नाही.

सिनेमा संपल्यावर गार्डसाहेब म्हणाले, "सर, इतना सब दिखाना जरूरी था क्या? दरवाजा बंद हुआ, पब्लिक समझ गई."

सगळे हसले. मीही हसलो आणि मग उभा राहून बोललो. म्हणालो की दार बंद करून आपण फक्त काय झालं ते समजतो, कसं झालं ते नाही. आपल्या सिनेमात तरुण शरीरालाच प्रेम असतं. चाळिशीनंतरची बाई पडद्यावर फक्त रडते, रांधते आणि आशीर्वाद देते. या दिग्दर्शकानं तिला तिचं शरीर परत दिलं. मी चांगलं बोललो असावं. दाराजवळच्या शिक्षिकांपैकी एकीनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात मी त्यावर लेख लिहिला आणि एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत तो आला. त्यात एक वाक्य होतं: नवरा गेला म्हणून बाईचं शरीर त्याच्यासोबत जात नाही. अनेकांनी ते वाक्य फोन करून मला वाचून दाखवलं. मला अभिमान वाटला.

त्यानंतरच्या बुधवारी बाई सकाळच्या गाडीनं गोंदियाला आली. न कळवता ती कधी येत नसे. मला वाटलं मायला काही झालं. तिनं पाणी घेतलं, माझ्या बायकोला तांदळाच्या पापड्यांची पिशवी दिली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बायको आत गेल्यावर पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पेपरचं पान काढलं. माझा लेख. अंगणवाडीच्या सेविकेनं तिला आणून दिला होता. तीनदा वाचला म्हणाली. काही शब्द अडले, पण गोष्ट समजली.

मग ती अंगणवाडीसमोरच्या हातपंपाबद्दल बोलू लागली. तो उन्हाळ्यापासून तीनदा बिघडला होता. दुरुस्तीला पंचायत समितीचा माणूस येतो, शेजारच्या गावचा. पंप झाल्यावर पोरांना आधी पाजतो, मग स्वतः पितो. मी ऐकत होतो आणि पंपाबद्दल तालुक्याला कुणाला सांगावं, याचा विचार करत होतो. मला खरंच वाटलं की ती पंपासाठी आली आहे.

"चांगला माणूस आहे," ती म्हणाली. "बायको जाऊन चार साल झाले. पोरगी दिली त्यानं. मायले विचारलं, माय हो म्हनते. तू एखांद दिवस लुगडं घेऊन ये."

तो माणूस आमच्याच समाजातला होता. घर चांगलं होतं. दारू नव्हती. नाही म्हणण्यासारखं एकही कारण माझ्याकडे नव्हतं, आणि तरी मला हो म्हणवेना. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर काय आलं ते मी इथं लिहितो, कारण ते न लिहिता बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो प्रसंग आला. ती दुपार, तो पलंग, ती उघडी माणसं. ज्या प्रसंगाकडे पाहायला मी लोकांना शिकवलं होतं, तोच. आणि त्यात माझी बहीण होती. मला घाण वाटली. दुसरा शब्द नाही.

"या वयात आता कायले पाहिजे, बाई?" मी म्हणालो.

ती पानावर बोट ठेवून म्हणाली, "तूच तं लिवलं."

"ते सिनेमाबद्दल होतं."

"मले वाटलं बायांबद्दल होतं," ती म्हणाली.

तिनं पान पुन्हा घडी घालून प्लास्टिकमध्ये ठेवलं. मी म्हणालो की माझ्या कॉलेजच्या परीक्षा होऊ दे, मग पाहू. ती हो म्हणाली. दुपारच्या गाडीनं परत गेली. मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो, खिडकीतून केळी दिली. वाटेत आम्ही पंपाबद्दल बोललो.

ती घाण कुठून आली, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ती मायकडून आलेली नव्हती. मायनं त्याच आठवड्यात कुणाच्या तरी फोनवरून मला सरळ विचारलं होतं, काऊन अडवून राहिला म्हणून. मी म्हणालो, शिकलेल्या घरांत असं करत नाहीत. त्यावर ती म्हणाली, "तुझ्या आजीचाही पाटच होता. त्या पाटाचाच तुझा बाप. नाही तं तू आला असता कुठून?" हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे, असं घरात कुणाला वाटत नव्हतं.

मला ते लाजणं वसतिगृहात शिकवलं गेलं. बी. ए.च्या पहिल्या वर्षी, मेसमध्ये जेवताना कुणीतरी चालीरीतींबद्दल बोलत होतं आणि मी उत्साहानं सांगितलं की आमच्यात पाट असतो. एकानं विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे सेकंडहँड चालते?" सगळी पंगत हसली. त्या दिवसापासून मी आजीबद्दल बोललो नाही. बोलणं बदललं, 'मले' सोडून 'मला' म्हणू लागलो, शर्ट आत खोचू लागलो, आणि शिकलेली माणसं कशाला हसतात याची एक यादी मनात तयार होत गेली. पाट त्या यादीत पहिला होता. पुढे शिकलेल्या माणसांनीच मला सांगितलं की विधवेच्या प्रेमाचा सिनेमा थोर असतो, तेही मी तितक्याच आज्ञाधारकपणे शिकलो. दोन्ही धडे मला पाठ होते. ते एकमेकांसमोर येतील असं कधी वाटलं नव्हतं.

परीक्षा झाल्या. मग मी म्हणालो, पेपर तपासायचे आहेत. मग रोवणीचे दिवस आले. मग मायचा मोतीबिंदू. मी बाईला कधीही सरळ नाही म्हणालो नाही. नाही म्हणालो असतो तर ती भांडली असती, आणि भांडणात मी हरलो असतो. माझ्या चुलतभावानं तिला सांगितलं होतं की मी देतो लुगडं, चल. त्याला ती म्हणाली होती, भाऊ जिता असून दुसऱ्याच्या हातचं कायले घेऊ. हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

तो माणूस एकदा माझ्या कॉलेजवर आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटांच्या रेघांत ग्रीसचा काळेपणा. सायकल स्टँडजवळ कितीतरी वेळ उभा होता, शिपायानं येऊन सांगितलं तेव्हा मला कळलं. मी त्याला कॅन्टीनमध्ये नेलं, चहा दिला. आम्ही इटियाडोह धरणाच्या पाण्याबद्दल बोललो, यंदाच्या पावसाबद्दल बोललो. तो विषय काढायची वाट पाहत होता आणि मी दुसरा विषय संपू देत नव्हतो. इतिहासाचे सर जवळून गेले तेव्हा मी त्याची ओळख गावाकडचे एक जण, अशी करून दिली. निघताना तो म्हणाला, "तुम्ही शिकलेले आहा, सर. तुम्हाले समजते." मी मान हलवली.

दोन हिवाळे गेले. मग बाईनं एकदा फोनवर मायच्या गुडघ्याबद्दल सांगितलं, छपराचे कवेलू फेरायचं सांगितलं, आणि या दोन्हींच्या मध्ये सांगितलं की त्या पंपवाल्यानं बालाघाटकडची बाई आणली. मी "असं का" म्हणालो. ती पुढे कवेलूंबद्दल बोलत राहिली.

मला सुटल्यासारखं वाटलं. तेही इथं लिहिलं पाहिजे. सुटल्यासारखं वाटणं साधारण महिनाभर टिकलं. मग एका रविवारी मंडळात दुसरा कुठलासा सिनेमा लावला होता, त्यात म्हातारं जोडपं एकमेकांना आंघोळ घालतं. प्रसंग संपल्यावर मी नेहमीसारखा उभा राहिलो आणि मला एक वाक्य सुचेना. गार्डसाहेबच बोलले. म्हणाले, "अच्छा था, सर. शांती से दिखाया." आता त्यांना पंख्याचं बटण लागत नव्हतं. मी शिकवलेलं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्यानंतर मी सिनेमे लावत राहिलो, पण बोलण्याचं काम शिक्षिकांकडे दिलं. लिहिणं थांबवलं. बायको म्हणाली, निदान बाईंशी जाऊन बोला तरी. मी नऊ वर्षं गेलो नाही. म्हणजे गावी जात होतो, दिवाळीला, मंडईला, मायच्या दुखण्याला. पण त्यासाठी गेलो नाही.

गेल्या वर्षी माय गेली. बाई आता त्या घरात एकटी राहते. तिला मी गोंदियाला चल म्हणालो, तर म्हणाली, अंगणवाडीची पोरं कोन आणंल.

या मार्चमध्ये मी एका सकाळी एकटाच गेलो. ती ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि पाठ करून आणलेलं सगळं बोललो. चुकलो म्हणालो. माझ्यामुळे तुझा पाट राहिला, लाज मला वाटत होती आणि भोगलं तू, असं म्हणालो. तिचे हात थांबले नाहीत.

"आला, बोलला, बरं केलं," ती म्हणाली. "पन मी आता काय करू त्याचं?"

ती पंचावन्नची आहे. गुडघे दुखतात. तो माणूस त्याच्या घरी सुखात आहे आणि अंगणवाडीला आता नळ आला आहे.

सुपातली डाळ हातानं पसरत तिनं विचारलं, "त्या सिनेमातल्या बाईचं मंग काय झालं? तुझ्या पेपरात शेवट नव्हता."

मी सांगितलं की ती दोघं एकत्र राहू लागतात. शेवटी तो तिच्या दुकानात बसून इस्त्री करत असतो, ती गिऱ्हाइकाशी बोलत असते, आणि सिनेमा संपतो. एवढंच.

"लोक काही म्हनत नाहीत?"

"म्हणतात. थोडे दिवस."

"आन भाऊ? भाऊ होता का तिले?"

"नव्हता," मी म्हणालो.

मला नुसतं बसवेना, म्हणून मी सुपाची एक कड माझ्याकडे ओढून डाळ निवडायला घेतली. थोडा वेळ तिनं निवडू दिलं. मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाली, "राहू दे. खडे निवडलेल्या डाळीतच टाकून राहिला तू." आणि सूप आपल्याकडे ओढून घेतलं.